दिवसाढवळ्याचा दिवा

"त्या बटनाले हात लावशील, तर आज माह्या तोंडात पान्याचा थेंब जानार नाई. आताच सांगून ठेवते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पिवळा दिवा जळत होता आणि बाहेर एप्रिलचं ऊन असं पेटलं होतं की दिवा चालू आहे की बंद, हे मान वर करून पाहावं लागे. माझ्या एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती. काखेत केंद्राच्या किल्ल्या आणि तोंडात पोळीचा शेवटचा घास.

"आई, उन्हात दिवा कोन लावते?"

"मी लावते."

"आन् आतला कूलर? खोलीत कोनी नाई. रिकाम्या खाटेले हवा घालून रायला तो."

"घालू दे."

"आज मॅडम येनार हाये. आजचा एक दिवस तरी..."

"तुह्या मॅडमले मी नाई बलावलं."

यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसरी चप्पल खाटेखालून ओढली आणि तरातरा निघाले. या पोरीच्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची. त्या वर्षी तर त्या भिंगरीला मोटार लागली होती. रात्री डोळा लागायचा नाही आणि दिवसा एका जागी बूड टेकायचं नाही.

गोष्ट जुनी आहे, मोबाईलला बटनं असायची त्या काळातली. सावरटोल्याची कोळशाची खाण बंद होऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. वर्धा नदीच्या अंगाला आमची कॉलनी: क्वार्टरांच्या रांगा, पाण्याची टाकी, कुलूप लागलेला दवाखाना, आणि टोकाला खाणीचं तोंड, ते विटांनी बुजवलेलं. म्हातारे घरी बसले आणि तरण्या पुरुषांना कंपनीने दूरदूरच्या खाणींत बदलीवर पाठवलं. आमचे हे, मोरेश्वर निखाडे, मध्य प्रदेशात गेले. तिथली खाणही जमिनीच्या पोटातलीच. सणाला येत, दोन दिवस खोकत आणि परत जात. मागच्या दिवाळीला आले ते खांद्यावर टाके घेऊन. "छताचा तुकडा पडला," म्हणाले, जशी काही झाडावरून चिंच पडली.

त्या रात्री मी म्हटलं, "सोडून द्या ते."

"सोडून खाऊ काय? इथं काय हाये?" हे म्हणाले. मग कड बदलून म्हणाले, "तुमच्या गटाची मशीन चालली तर येतो मी. माल पोचवन्याचं काम करीन. पन आधी चालू तर दे."

ते बोलून झोपी गेले. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधलं. लोकांच्या लेखी ती मिरची कांडायची मशीन होती. माझ्या लेखी तो विहिरीत सोडलेला दोर होता, आणि दुसऱ्या टोकाला माझा नवरा होता.

मशीन जिल्ह्याच्या एका योजनेतून आमच्या बचत गटाला मिळाली होती. जुन्या लॅम्परूममध्ये, जिथे पूर्वी कामगारांच्या टोपीवरचे दिवे चार्ज व्हायचे, तिथे आम्ही ती बसवली; तेच आमचं केंद्र. मिरची, धने, हळद. चंद्रपूरचे दुकानदार माल घ्यायला तयार होते. बायका तयार होत्या, मिरची तयार होती, नव्हती ती फक्त लाईन.

खाण चालू होती तेव्हा कॉलनीला वीज फुकट होती, आणि फुकट ते पौष्टिक! बायका कॉइलच्या हीटरवर भात चढवायच्या आणि बाजाराला जायच्या. खाण बंद झाली तशी कंपनीने मोठा ट्रान्सफॉर्मर ट्रकवर घालून नेला आणि विजेच्या ऑफिसने त्या जागी छोटीशी डीपी बसवली. बिलंही यायला लागली. बायका बिलाच्या नावाने बोटं मोडायच्या, पण बटन काही बंद करायच्या नाहीत. दिवसाढवळ्या दारात दिवे, रिकाम्या खोल्यांत कूलर, चुलीसारखे लालभडक हीटर. इकडे आम्ही मशीन सुरू केली, की तिकडे डीपीवर फट्कन आवाज व्हायचा आणि डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडायचा. मग सगळीच कॉलनी बंद. मोठी डीपी मागितली तर वरून उत्तर यायचं: आधी मशीन चालवून दाखवा, मग डीपी मागा. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड बरं होत नाही, आणि वेड बरं झाल्याशिवाय लग्न होत नाही.

योजनेच्या गेडाम मॅडम दोनदा येऊन गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांच्यासमोर मशीन गपगार झाली. आज तिसरी खेप. आज जर मशीन दिवसभर सलग चालली नाही, तर ती नदीपलीकडच्या गटाकडे जाणार होती. त्यांची गाडीही बोलून ठेवलेली होती.

बैठकीत बायका नंदीबैलासारख्या माना डोलवायच्या. "हो वो कुंदा, करू ना बंद." घरी गेल्या की हीटर तसाच. माझ्या माहेरी, वरोऱ्याकडे, शेतातल्या घरात एकच दिवा होता आणि तो विझवल्याशिवाय माझा बाप अंगण ओलांडत नसे. मला हे लोक आळशी वाटायचे. त्यात एक विचित्र गोष्ट होती: दुपारी चहाची वेळ झाली की तेच दिवे, तेच कूलर, घरोघरी आपोआप बंद व्हायचे. मला वाटायचं, झोप झाली की यांना शहाणपण सुचतं.

त्या सकाळी मी एकेक दार ठोठावत निघाले. राजक्का आमच्या समोरच्या रांगेत राहायची. आंध्रातून तिचा सासरा खाणीवर आला आणि ही माणसं इथलीच होऊन गेली. बाई अंगाने भरलेली, जिभेला धार, मनाने लोणी. तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात हीटर लाल होऊन बसलेला आणि वर रिकामं भगोणं.

"राजक्का, हे काय वो? भगोनं जळून जाईन."

"बंद करते ना. तू जा."

"माह्यासमोर करा."

"तुह्या घरचा दिवा बंद झाला का आधी? लोका सांगे ब्रह्मज्ञान! भागरथाबाईचा दिवा बंद होईन, त्या दिवशी साऱ्या लाईनीचे दिवे बंद होतीन. जाय, सासूले सांग."

हे मला रोजचं होतं. भागरथाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कॉलनीतल्या जुन्या बाया त्यांच्याकडे पाहून चालत. त्यांनी उपास धरला की रांग उपास धरायची. पण त्या दिवशी माझ्यात रोजचा धीर नव्हता. मी खाली वाकले आणि हीटरच्या बटनाकडे हात नेला.

राजक्काने माझं मनगट धरलं. लाडाने धरावं तसं नाही. बांगडी रुतून वळ उठला.

"हात नको लावू," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"काऊन?"

"नको लावू म्हटलं ना! जाय तू. मॅडम येईन तुही."

मी मनगट चोळत बाहेर पडले. वाटेत आमच्या घराकडे नजर गेली. दारातला दिवा चालू, आणि त्याच्याखाली सासूबाई राखण करत बसलेल्या. अशी चीड आली म्हणता! म्हटलं, पोरगा खांदा फोडून घेतो आहे आणि आई दिवा राखते आहे.

गेडाम मॅडम वेळेवर आल्या. बाई वाईट नव्हती. त्यांचंही नशीब असं, की वर उत्तर द्यायचं त्यांनी आणि शिव्या खायच्याही त्यांनी.

"निखाडेताई, आज काही गडबड नाही ना?" त्यांनी रुमालाने मान पुसत विचारलं.

"नाही मॅडम. सगळ्यांना सांगितलंय."

सांगितलं होतं, हे खोटं नव्हतं. आमच्या लाईनमनला, उरकुडेभाऊला, मी डीपीखाली उभंच करून ठेवलं होतं. देवाचं नाव घेतलं आणि खटका ओढला. मशीन घरघरली, अडखळली आणि धरली तिने चाल! मिरची आत जाऊ लागली, खालून लाल भुकटी पडू लागली. गटातल्या बाया नाकाला पदर लावून शिंकत होत्या आणि हसत होत्या. मी हसत नव्हते. माझं लक्ष आवाजाकडे होतं. एक घमेलं भरलं. दुसरं लावलं. मॅडम म्हणाल्या, "छान चाललंय की!" आणि मला ते बोलणं नजर लागल्यासारखं वाटलं.

फट्कन आवाज झाला. मशीनचा घरघराट खाली खाली जात थांबला. डोक्यावरचा पंखा दोन फेरे मारून थबकला. मग कॉलनीतले सगळे कूलर एकदम गप झाले, आणि अशी शांतता पसरली की मिरचीचं एक देठ जमिनीवर पडलं तेही ऐकू आलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

माझ्या डोळ्यांपुढे मशीन टेम्पोत चढत होती. नदी ओलांडून जात होती. मी म्हणायचं म्हणून काहीतरी म्हणणार, एवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला. एकदोन नाही, पुष्कळ चपलांचा.

दाराशी जाऊन पाहिलं. घराघरांतून बाया बाहेर पडत होत्या. एकीचे हात पिठाने भरलेले, एकीची वेणी अर्धीच घातलेली. मला वाटलं, लाईन गेली म्हणून भांडायला येत आहेत. मी पदर खोचला. पण त्या केंद्राकडे वळल्या नाहीत, डीपीकडेही गेल्या नाहीत. सरळ खाली, रस्त्याच्या टोकाकडे निघाल्या, झपाझप. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एरवी या बायांना गप्प करायला देव खाली यावा लागतो.

"राजक्का! कुठं चालल्या वो?"

तिने ऐकलंच नाही. तिच्यामागे माझ्या सासूबाई होत्या. गुडघेदुखीने नळापर्यंत न जाणारी माझी सासू, त्या तापल्या डांबरावर अनवाणी, जवळजवळ धावत होती. मी स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या आणि ओरडत मागे पळाले, "आई, पाय भाजून रायले तुमचे! चप्पल घाला!" माझे पाय भाजायला लागले तेव्हा कळलं, की चपला हातात घेऊन धावण्यात काही शहाणपण नव्हतं.

रस्ता खाणीच्या तोंडाशी संपतो. विटांच्या भिंतीला बेशरमाची झाडं लागलेली, बाजूला गंजलेले रूळ. त्या भिंतीपुढे साऱ्याजणी येऊन उभ्या राहिल्या. कोणी कपाळाला हात लावून, कोणी एकमेकींचा दंड धरून. सासूबाईंनी पुढे होऊन भिंतीला तळवा टेकवला.

"आई, काय झालं?"

"लाईन गेली."

"अवो, मशीनीनं गेली ती. डीओ उडाला."

"पंखा बंद झाला असन," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

तेवढ्यात मॅडमही धापा टाकत पोचल्या. त्यांनी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला. "आत कोणी आहे का? अहो, बोला ना! कोण आहे खाली?"

मग राजक्का एकदम मटकन रुळावर बसली, हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"कोनी नाई वो मॅडम," ती म्हणाली. "खाली कोनी नाई. आमचे पायच मेले अडानी. लाईन गेली का इकडेच येते."

तिनेच मग सांगितलं. खाणीत हवा टाकणारा मोठा पंखा याच लाईनवर होता. कॉलनीतली वीज गेली, की घरातल्या बाईला एकच गोष्ट समजायची: खालचा पंखा थांबला, आता माणसांना हवा नाही. हातातलं टाकून बाया इथे यायच्या आणि आपापल्या माणसाचं डोकं वर दिसेपर्यंत उभ्या राहायच्या. राजक्काची सासू यायची, सासूची जाऊ यायची. खाण बुजवली, तरी पायांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आन् बटनं?" मी विचारलं. मला ते आत्ता कुठे, अर्धवट, दिसायला लागलं होतं. "तुम्ही बटनं बंद करत नाई, ते?"

राजक्काने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

"मानूस खाली हाये तोवर घरातली लाईन आपल्या हातानं बंद करायची नाई," राजक्का म्हणाली. "देवानं नेली, ते देवाकडे. आपन नाई पाडायचं बटन. पाळी सुटली, मानूस वर आला, का मग करायचं."

"अवो, पन खदान बंद होऊन किती वर्स झाली!"

"ही बंद झाली. माहा मानूस, सत्यम, कुठं हाये आज? खालीच हाये ना कुठं तरी? आन् तुहा मोरेश्वर?"

चहाच्या वेळी कॉलनी आपोआप का शांत व्हायची, ते मला कळलं. तेव्हा पहिली पाळी सुटायची. इथली नाही, तिथली.

"मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"बोलून नाई दाखवत असं," सासूबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "बोललं का होते." कोणी काही विचारलं नव्हतं, तरी पुढे बोलल्या. "मी एकडाव केलं. मोरू पोटात होता. मावशीच्या घरी जायचं होतं, घराले कुलूप लावाचं होतं, म्हून बटन पाडलं. आन् त्या दिवशी याच्या बापाचा पाय गेला."

सासऱ्यांना मी कुबडीवरच पाहिलं होतं. पाय छत पडून गेला एवढंच ठाऊक होतं. ते गेले तेव्हा मी नवीन नवरी होते.

"ते हसत होते मले," सासूबाई म्हणाल्या. "म्हनत, येडे, बटनानं छत नाई पडत. लाकूड सडलं होतं म्हून पडलं. रोज म्हनत. मरेपर्यंत म्हनत होते."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. कोणावर, तेही धड कळेना. आम्ही दोघी एका घरात राहून एकाच माणसाला वर ओढत होतो, ही दिव्याने आणि मी मशीनने, आणि एकमेकींच्या पायात पाय घालत होतो. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई, हे काय म्हनून गेले दिवाळीत, ठाऊक हाये तुम्हाले? मशीन चालली तर येतो म्हने. आज मशीन गेली, तर तुमचा दिवा जळत राहीन आन् तुमचा पोरगा खालीच राहीन. जन्मभर. करा मग राखन!"

जास्त बोलले. कॉलनीत कोणी भागरथाबाईशी असं बोलत नसे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण त्या वळल्या आणि घराच्या दिशेने चालायला लागल्या.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "निखाडेताई, मी चहा पिऊन जाईन म्हणते," त्या हळूच म्हणाल्या. "मला चहा गरम चालत नाही. निवायला वेळ लागतो."

साऱ्याजणी सासूबाईंच्या मागे निघालो. वाटेत उरकुडेभाऊ डीपीखाली हातात काठी घेऊन उभाच होता. त्याला पाहून राजक्काला युक्ती सुचली. "आत्ता लाईन नाईच. दिवा बंदच हाये. आत्ताच बटन पाडलं, तर ते काई आपन बंद केलं असं होत नाई."

दोघीतिघींना ते पटलं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"चोरून नाई," सासूबाई चालता चालता म्हणाल्या. "येऊ दे लाईन."

त्या आमच्या दाराशी पोचल्या, मी त्यांच्यामागे, आणि बाकीच्या रस्त्यात उभ्या राहिल्या. मी उरकुडेभाऊला हात केला. त्याने डीओ चढवला. दारातला दिवा लागला, आत कूलर घुरघुरायला लागला, रांगेतले सगळे दिवे पुन्हा उन्हात जळू लागले. सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि बाजूला सरल्या. मला वाट दिली.

कितीतरी महिने मी या क्षणाची वाट पाहत होते. पुढे झाले. बटनावर बोट ठेवलं.

आणि बोट दाबेना.

यांची पहिली पाळी होती. या वेळी हे खाली होते, सकाळीच फोनवर "जातो" म्हणून गेलेले. मला तो खांदा दिसला, त्यावरचे काळे टाके. मी शिकलेली, शेतकऱ्याची पोर, मला खाणीचं काय? बटनाने छत पडत नाही हे मला ठाऊक होतं, जसं सासऱ्यांना ठाऊक होतं. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. रस्त्यात सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझी बोटं माझं ऐकत नव्हती. मी हात काढला, परत ठेवला, परत काढला.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांबा जरा..."

"सरक म्हटलं ना. तुहा नवरा हाये तो, पन माह्या पोटचा हाये. मी करते."

त्यांनी पदराला हात पुसला, देवाला हात लावण्याआधी पुसतात तसा, आणि बटन पाडलं. मग आत गेल्या आणि कूलरचंही पाडलं. बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या, भिंतीला पाठ लावून.

राजक्का घरात गेली. तिच्या घरातून खट् असा आवाज आला. मग शेजारच्या, मग पुढच्या. साऱ्या रांगेतून खट् खट् होत गेलं. मी तिथे थांबले नाही. मला सासूबाईंच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मी केंद्राकडे पळाले.

मशीन चालली. चालतच राहिली. मॅडमनी निवलेला चहा घेतला, मग दुसरा घेतला, जेवल्या, हिशेबाने नाही तर मनापासून शिंकल्या. दुपार कलायला लागली तेव्हा म्हणाल्या, "मशीन इथेच राहील. डीपीचं मी बघते." गटातल्या बाया नाचल्या. मीही हसले असेन. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि माझं चित्त उंबऱ्यावर होतं. मी दर थोड्या वेळाने दारात येऊन कॉलनीकडे पाहत होते, आणि कॉलनी अशी गप्प होती, की आतल्या बाया श्वास धरून बसल्या आहेत हे दुरून कळत होतं.

पाळी सुटायची वेळ झाली तशी मी घरी गेले. सासूबाई तिथेच बसलेल्या. मोबाईल पुढ्यात ठेवलेला, जसा देवापुढे नारळ ठेवावा.

"लावला?"

"मले कुठं लावता येते? तू लाव."

मी लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रोजच होतं ते, वर आल्याशिवाय फोन लागतच नसे. तरी मी लावत राहिले. सासूबाई माझ्या अंगठ्याकडे पाहत होत्या. समोर राजक्का तिच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. मी उठले, आत गेले, बाहेर आले, घागरीतलं पाणी उगाच दुसऱ्या घागरीत ओतलं.

"बस ना वं एका जागी!" सासूबाई खेकसल्या.

समोर राजक्काचा फोन वाजला. ती तेलुगूत भराभर काहीतरी बोलली आणि आमच्याकडे पाहून मान हलवली, सत्यम वर आला म्हणून. सासूबाईंनीही मान हलवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग आमचा वाजला.

"काय झालं?" यांचा आवाज. "इतके फोन काऊन केले? आई बरी हाये ना?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"वर आला?"

"आलो ना. आत्ताच आलो. काय झालं, आई?"

"मोरू, आज मी बटन पाडलं."

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. याच कॉलनीत जन्मलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी खाली होतो, आई," हे म्हणाले.

"मालूम हाये मले. एकदा तुह्या बापाच्या वक्ताले पाडलं, एकदा आज. माह्याच्यानं तिसऱ्यांदा होनार नाई. मशीन चालली तुह्या बायकोची. उद्या खाली जाऊ नको."

"असं लगेच कसं होईन? साहेबाले सांगा लागते, अर्ज द्या लागते..."

"वर हाये ना तू आत्ता? मंग वरच राहाय. गठुडं बांध."

त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "पुढचं तू सांग त्याले," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चहा ठेवायला आत गेल्या.